घटातली रानझुरळे

१२ ऑक्टोबर १९९६. जिवंत : दोनशे चौदा. पहिल्या डब्यात एकशे अठरा, दुसऱ्यात शहाण्णव.

ही मोजणी झुरळांची होती. मोजणारा ज्ञानदेव, गावाच्या तोंडी ज्ञानू हवालदार, तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होता. सतरा वर्षे लष्करात काढून तो चार वर्षांपूर्वी गावी परतला होता. कराडहून सायकलीने गाठता येईल अशा अंतरावर, आगाशिवच्या डोंगराच्या पायथ्याशी त्याचे घर होते. घरात आई राहीबाई आणि आष्ट्याकडची बायको विजयमाला. मुलगी साताऱ्याला वसतिगृहात राहून शिकत होती. दीड एकर ऊस होता, एक म्हैस होती. असा माणूस झुरळे का पाळतो, हे गावाने कधी विचारले नाही, कारण तो ती पाळतो हेच गावाला ठाऊक नव्हते.

पलटणीत इतरांच्या हाती बंदूक आली, तेव्हा ज्ञानूच्या हाती फवारणीचा पंप आला. लंगरातली, म्हणजे भटारखान्यातली, झुरळे, बराकीतले ढेकूण, डबक्यातले डास मारणे हे त्याचे काम. बरोबरचे जवान त्याला ‘झुरळ्या’ म्हणत. जबलपूरला असताना त्याने एकदा अहवालात लिहिले, ‘आज मारलेली झुरळे तीनशे.’ तो वाचून डॉक्टर कॅप्टनने कागद परत केला. “मरे हुए गिनने से क्या होगा, हवालदार? बचे कितने, वो बताओ.”

उरलेली मोजायची, तर ती कुठे राहतात, केव्हा बाहेर पडतात, कशावर जगतात हे आधी पाहायला हवे. ज्ञानू पाहायला बसला. महिनाभरात त्याला कळले की आपण सहा वर्षे ज्याचा जीव घेत आलो, त्याचे पाय किती हेही आपण कधी नीट मोजले नव्हते. मारण्यासाठी सुरू झालेले ते पाहणे पुढे मारण्यापासून सुटे झाले आणि त्याच्याजवळच राहिले. निवृत्तीच्या ट्रंकेत त्याने एक भिंग आणि सात वह्या आणल्या.

घरी आल्यावर पहिल्याच वर्षी त्याने एका काचेच्या बरणीत स्वयंपाकघरातली झुरळे ठेवली. बरणीच्या गळ्याला आतून तूप चोपडले, म्हणजे ती वर चढत नाहीत. राहीबाईंच्या हाती ती बरणी लागली.

“अरं, माणसं घरात लक्षुमी आणत्यात. तू ह्ये आणलंस व्हय?”

“आई, ती काय करत न्हाईत. नुसती बघतोय मी.”

“बघायला तुला बायकू हाय, म्हस हाय, उभा ऊस हाय. झुरळं बघाय पेन्शन देती व्हय सरकार?”

चुलीवरचे आधणाचे पाणी त्यांनी बरणीत ओतले. मग मुलाकडून शब्द घेतला की उंबऱ्याच्या आत पुन्हा झुरळ येणार नाही. ज्ञानूने तो शब्द अक्षरशः पाळला. गोठ्यामागची पत्र्याची खोली उंबऱ्याच्या बाहेर होती.

त्र्याण्णवच्या जूनमध्ये म्हशीमागे डोंगरावर गेलेला असताना करवंदीच्या जाळीखाली त्याला काळ्या पाठीचा, पांढऱ्या सात ठिपक्यांचा एक किडा दिसला. गुराखी त्याला भुंगेराच म्हणत. ज्ञानूने तो उताणा केला. डोके ढालीखाली लपलेले होते आणि मागे दोन आखूड शेपट्या होत्या. तो स्वतःशीच हसला. सोंग घेतलेला गडी त्याने ओळखला होता. ते झुरळ होते, पण घरांत कधीही न शिरणारे, मातीत जन्मून वर्ष-दीड वर्ष मातीतच वाढणारे आणि शेवटच्या काही महिन्यांपुरते पंख लावून उजेडात येणारे. त्याने त्याला रानझुरळ म्हटले. त्या आठवड्यात त्याने अकरा पकडली.

पुढची तीन वर्षे ही चुकत शिकण्याची होती. गोडेतेलाचे पत्र्याचे डबे आडवे कापून त्यांत तो शेतातली काळी माती आणि कुजका पाला भरी. माद्या मातीत अंडी घालत. अंड्यांची डबी जेमतेम हरभऱ्याएवढी, एका कडेला करंजीसारखी मुरड घातलेली. अशा एका डबीतून किती पिल्ले निघतात, हे पाहण्यासाठी तो ऊस पाजायचा सोडून दोन दिवस बसून राहिला होता. पण पिल्ले जगत नसत. माती कोरडी पडली की ती वाळत, वरून पाणी शिंपडले की बुरशीने मरत. चौऱ्याण्णवचा सगळा वाण गेला. पंच्याण्णवच्या अंड्यांतून निघालेली दोनशे चौदा पिल्ले शहाण्णवच्या सर्वपित्री अमावास्येला जिवंत होती. त्याच्या हाताखाली जन्मून इतके दिवस जगलेली ही पहिली पिढी. ती कात टाकून मोठी होतील की याही वेळी मरतील, एवढा एकच प्रश्न त्या वर्षी त्याच्यापुढे होता.

दर अमावास्येला तो माती पिठाच्या जुन्या चाळणीने चाळी, पिल्ले मोजी आणि पुन्हा मातीत सोडी. भाद्रपदात राहीबाईंनी ती चाळलेली माती दारातून पाहिली होती.

“एवढी माती चाळून कशाला रं ठिवलीस?”

“असू दे, आई. चांगली माती हाय. लागंल कशाला तरी.”

हे खोटे नव्हते, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येईल.

सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी घट बसतात. परडीत पत्रावळ घालून तीवर शेतातली काळी माती पसरायची, तीत गहू, जोंधळा, करडई असे धान्य पेरायचे आणि मधोमध पाण्याने भरलेले मातीचे मडके ठेवायचे. रोज एक माळ वर चढते आणि खाली धान उगवते. ते दाट आले तर घराचे बरे, विरळ आले तर काहीतरी चुकले. नऊ दिवस देव बसलेले असतात. परडी हलवायची नाही, माती उकरायची नाही. राहीबाई विधवा, त्यामुळे घट बसवण्याचा मान विजयमालाचा होता. लग्न होऊन आल्यापासून एकाही वर्षी तिचा घट विरळ आला नव्हता आणि सासूच्या तोंडून बाहेर पडणारी तिची वर्षातली एकुलती स्तुती त्या धानावरून होई.

त्या वर्षी परतीच्या पावसाने शेतात चिखल झाला होता. माती आणायची कुठून, असा प्रश्न पडला तेव्हा राहीबाईंना मुलाची चाळलेली माती आठवली. “ज्ञानूनं घटासाठीच ठिवली आसंल. जा, आण.” विजयमालाने जवळचा डबा उचलला. मसुरीएवढी, मातीच्याच रंगाची ती पिल्ले धक्का लागला की पाय आखडून निपचित पडतात. तिला काहीच दिसले नाही.

ज्ञानू कराडहून पेंड घेऊन दुपारी परतला, तेव्हा पहिला डबा घासूनपुसून उन्हात पालथा घातलेला होता.

“आवं, तुमची माती लय कामाला आली बगा,” विजयमाला म्हणाली. “आत्ती म्हणत हुत्या, पलटणीत ऱ्हाऊन पोरगं देवाधर्माचं इसरलं न्हाई.”

तो माजघरात गेला. देवाच्या कोपऱ्यात घट बसला होता, पहिली माळ चढली होती, दिवा तेवत होता आणि त्या मातीत एकशे अठरा पिल्ले होती.

दुसऱ्या दिवसापासून ज्ञानू सकाळ-दुपार घटापुढे बसू लागला. राहीबाईंना गहिवरून आले. “आता आठवला बग देव. म्हातारपणाच्या आधी आठवला, ह्ये बरं झालं.” तो मांडी घालून, हात जोडून बसे आणि जोडलेल्या हातांवरून मातीकडे बघे. तिसऱ्या माळेला गव्हाचे कोंब वर आले. त्याच दिवशी त्याला मातीवर बारीक उंचवटे दिसले, नखाने रेघ ओढावी तसे, आणि ते सगळे मडक्याकडे जात होते. का? मडक्याकडे काय आहे? चौथ्या दिवशी फुगलेले दाणे आतून पोखरलेले दिसू लागले. कोंब एका बाजूला आडवे होत होते. त्याला धास्ती वाटत होती. पण सकाळी जाग आली की पहिला विचार धास्तीचा नसे, आज मातीवर नवे काय दिसेल हा असे.

पाचव्या माळेला शेजारच्या तानुबाई कारळ्याची फुले घेऊन आल्या. आळीतल्या सगळ्या घरांतले घट त्या पाहून येत आणि कुणाचे धान कसे आहे हे त्यांच्याच तोंडून आळीला कळे. परडीकडे पाहून त्यांनी फुले खाली ठेवली.

“राहीबाय, ह्ये गं काय? निम्मी परडी बोडकी!”

राहीबाईंनी सुनेला हाक मारली. “विजे, हिकडं ये. काय हाय ह्ये?”

“धान उगवंना, आत्ती. मी रोज पाणी घालतीया.”

“पाण्याचं न्हाई इचारलं. तुझं दिस कुठवर आल्यात?”

“आजून बारा दिस हायत.”

“मोजण्यात चुकत्यात बायका,” तानुबाई म्हणाल्या. “समदं पदरात झाकतंय, घटात झाकत न्हाई.”

“मी न्हाई चुकले, काकू. देवाशपथ सांगते.”

“मग घट खोटं बोलतोय व्हय?” राहीबाईंनी विचारले.

ज्ञानू दारात उभा होता. विजयमाला त्याच्याकडे वळली. “आवं, तुमी रोज हितंच बसताय. तुमास्नी दिसलं आसंल न्हवं? सांगा की.”

सांगायचे ते दोन वाक्यांत सांगता आले असते. तो म्हणाला, “पाणी कमी पडलं आसंल.”

“आन् पाणी कुणाच्या हातचं?” तानुबाईंनी विचारले.

त्या दिवसापासून दसऱ्यापर्यंत विजयमाला बाहेरच्या सोप्यावर निजली. तिचे ताट बाहेर वाढले गेले. चुलीला आणि देवाला तिने शिवायचे नव्हते. आळीतल्या सुवासिनी देवीला ओटी घेऊन गेल्या तेव्हा ती म्हशीजवळ बसून होती. घटाला पाणी घालायला तानुबाई येत आणि जाताना आळीभर सांगत.

ज्ञानूने स्वतःला दोन कारणे दिली होती. खरे सांगितले तर बसलेला घट मध्येच उठवावा लागेल आणि आई ते सहन करणार नाही, हे एक. सांगितले तर दुसऱ्या डब्यावरही आधणाचे पाणी पडेल, हे दुसरे. दोन्ही कारणे खरी होती. पण दुसरे त्याला आधी सुचले होते आणि पहिले त्याने मागाहून शोधले होते. विजयमालाचे काय होईल, हे दोन्हींत नव्हते. दिवसातून दोनदा तो तिच्यासमोरून माजघरात जाई. ती मान वर करून बघे. तो म्हणे, “हुईल समदं नीट.”

दसऱ्याला घट उठले. धान इतके थोडे होते की ज्ञानूच्या टोपीत खोवायलाही पुरले नाही. “असं धान मी उभ्या जल्मात बगितलं न्हाई,” तानुबाई म्हणाल्या. राहीबाई पदर डोळ्यांना लावून बसल्या. परडी ओढ्यात सोडून येतो असे ज्ञानूने सांगितले, आणि मुलाने स्वतः होऊन हे काम अंगावर घेतले म्हणून आईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

ओढ्याच्या काठी, भर उन्हात, त्याने परडी मांडीवर घेतली आणि मडके उचलले. मडक्याच्या बुडाखाली ती सगळी एका ठिकाणी गोळा झाली होती. त्यांतली कितीतरी नुकती कात टाकलेली, सोललेल्या लसणीसारखी पांढरी होती. त्यांच्या टाकलेल्या काती कोंड्यासारख्या मातीत मिसळल्या होत्या. त्याने पुन्हा पुन्हा मोजली. एकशे नऊ. नऊच मेली होती. तीन वर्षे ज्याने त्याला चकवले होते ते त्या मडक्याने नऊ दिवसांत दाखवून दिले. भाजलेल्या मातीतून पाणी आपोआप पाझरते, बुडाकडून माती ओलावते आणि वरची कोरडी राहते. पिल्लांना बुडाची ओल हवी होती, आणि तो इतके दिवस वरून पाणी देत होता. त्या घटकेला तो सोप्यावरच्या बायकोला विसरला होता. आनंद खरा होता. त्याची किंमत कोण भरत होते, ते मात्र त्याने त्या घटकेला पाहिले नाही.

त्याने मडके आणि माती पोत्यात घालून परत आणली. ओढ्यात रिकामी परडी गेली.

त्यानंतर त्याच्या प्रत्येक डब्यात मधोमध एक लहान मडके असे. पुढच्या जूनमध्ये पहिली पंखवाली रानझुरळे मातीतून वर आली. काळ्या पाठीवर सात ठिपके, तो मोजून पाही. अठ्ठ्याण्णवमध्ये चारशे होती, नव्व्याण्णवमध्ये सहाशेवर गेली. घरात मात्र घटाचा मान विजयमालाकडे परत आला नाही. सत्त्याण्णव आणि अठ्ठ्याण्णव, दोन्ही वर्षी पेरायला तानुबाई आल्या. दोन्ही वर्षी शेतातली माती होती आणि धान दाट आले. राहीबाईंना त्यात पुरावा दिसला. नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीत त्या वारल्या. शेवटच्या दुखण्यात त्यांचे सगळे विजयमालाने केले. शेवटी एकदा त्या म्हणाल्या, “तुझ्या हाताला गुण हाय गं. त्या साली काय झालं, त्ये तुलाच ठावं.”

आई गेल्यावर डबे लपवण्याचे कारण उरले नाही. त्या जुलैत ज्ञानू एक मेलेले रानझुरळ काड्यापेटीत घालून कराडच्या कॉलेजात गेला आणि प्राणिशास्त्राचे तरुण प्राध्यापक सौमित्र स्कूटरवरून त्याचे डबे पाहायला आले. वह्या उलगडताना त्यांना बसायचेही भान राहिले नाही.

“हवालदार, वहीतली ही पिल्लं आधी सगळी मरत होती. शहाण्णवनंतर जगायला लागली. काय बदललंत?”

“मडकं, सर. मधी भरलेलं मडकं ठिवलं, की बुडाखाली ओल ऱ्हाती. पिल्लं तितं जाऊन कात टाकत्यात.”

“सुचलं कसं तुम्हाला?”

चहाचे कप घेऊन आलेली विजयमाला दारात थांबली होती. तिने विचारले, “घटाचं मडकं व्हय?”

ज्ञानूने मान खाली घातली. “व्हय.”

“म्हंजी त्या साली धान खाल्लं त्ये ह्यांनी?”

“व्हय.”

“तुमास्नी कवा कळलं?”

“पयल्याच माळंला.”

तिने कप प्राध्यापकांच्या पुढ्यात नीट ठेवला. “घ्या साहेब, च्या निवतोय,” म्हणाली आणि आत गेली.

पाहुणे गेल्यावर ज्ञानू आत आला. ती तांदूळ निवडत होती. तो समोर बसला आणि म्हणाला, “माझं चुकलं.”

“तुमचं चुकलं त्ये तुमी बगा. माझं काय झालं सांगू? मी शपथ घेतली हुती. पर आत्ती रोज त्येच म्हणाय लागल्या, तवा मलाबी वाटाय लागलं, माझीच मोजणी चुकली आसंल. तीन वरसं मी दिस दोनदोनदा मोजतीया. बोटावर मोजते, पुन्यांदा भितीवर रेघा वढते.” सुपातला एक खडा तिने बाजूला टाकला. “तुमी तकडं किडं मोजत हुतासा.”

“मी आता काय करू, सांग.”

“मला माफी नगं. तानुबाईंनी आळीत सांगितलं, तर तुमी तानुबाईंस्नी सांगा. काय खाल्लं, कुणी खाल्लं, कुणाला ठावं हुतं, समदं.”

ज्ञानू गेला. पहिल्या वेळी तानुबाईंच्या ओट्यावर बसून तो त्यांच्या गुडघ्यांविषयी आणि ऊसतोडीच्या पाळीविषयी बोलला आणि उठून आला. विजयमालाने विचारले, “सांगितलं?” तो म्हणाला, “जमलं न्हाई.”

दुसऱ्यांदा, श्रावणात, त्याने बोलायला सुरुवात केली. “काकू, त्या सालचा आमचा घट...”

“आरं, त्ये कशाला काढतोस आता?” तानुबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्या आवाजात खरीखुरी माया होती. “बाईमाणूस हाय, हुती एकांदी चूक. राहीबायचं तिनं किती केलं, आळीनं बगितलंय. देवीनं कवाच माफ केलं तिला. आन् आमीबी केलं.”

ज्ञानूने तोंड उघडले होते. तानुबाई त्याच्याकडे मायेने पाहत होत्या. खरे सांगितले, तर आळीने आपल्याला बायकोच्या आडून लपलेला माणूस म्हणून ओळखायचे, हे त्याला त्या घटकेला स्पष्ट दिसले. तो म्हणाला, “व्हय, काकू.” न केलेल्या चुकीची माफी बायकोच्या वतीने स्वीकारून तो घरी आला.

विजयमालाने या वेळी विचारले नाही. राहीबाईंना आता काही सांगता येत नाही. तानुबाई हयात आहेत, त्यांचे घर चाळीस पावलांवर आहे, आणि त्यांना अजून खरे सांगितलेले नाही.